साथीदारांचा संगीतकार

मी पेटीवाला. शास्त्रीय गायकांची साथ, नाट्यसंगीताच्या मैफिली, अधूनमधून भावगीतांचे कार्यक्रम, असा माझा व्यवसाय. टँगोकडे मला नाचाने नेलं नाही, वाद्याने नेलं. बांदोनेऑन हे टँगोचं मुख्य वाद्य म्हणजे आपल्या पेटीचं नातेवाईक. दोन्हींत धातूच्या रीड, दोन्हींना भाता, दोघांचाही जन्म एकोणिसाव्या शतकातल्या युरोपात. पेटी भारतात आली आणि मांडी घालून बसली. बांदोनेऑन जर्मनीतून निघालं आणि अर्जेंटिनातल्या वादकांच्या गुडघ्यावर जाऊन बसलं.

या वाद्याच्या मागे जाणारा माणूस बहुधा नव्या वळणाचा टँगो रचणाऱ्या बांदोनेऑनवादक आस्तोर पियाझ्झोलांपाशी पोचतो. मी मुक्काम केला तो ओस्वाल्दो पुग्लिएसे (१९०५–१९९५) यांच्यापाशी. पियानोवादक, संगीतकार आणि पन्नासहून अधिक वर्षं एकच वाद्यवृंद चालवणारा माणूस. त्यांच्या वाद्यवृंदात मिरवणारा एकल वादक नाही. सगळेच साथीदार, आणि सगळेच मालक. आयुष्यभर साथ केलेल्या माणसाला यातून जे मिळालं, ते क्रमाने मांडतो.

१. समेच्या आधी काय घडतं ते ऐका

टँगोच्या पारंपरिक वाद्यवृंदात तालवाद्य नसतं. तबला नाही, ढोल नाही, झांजा नाहीत. पियानो, डबल बास, बांदोनेऑन आणि व्हायोलिन यांनीच ठेका उभा करायचा. पुग्लिएसेंची ‘ला युंबा’ ही रचना १९४६ साली ध्वनिमुद्रित झाली. तिच्यात चार मात्रांपैकी पहिली आणि तिसरी मात्रा इतकी जोरकस येते की ऐकणाऱ्याची मान हलते. पण नीट ऐकलं तर तो जोर मात्रेवर सुरू होत नाही, थोडा आधीच सुरू होतो. भरलेला पोहरा वर घेताना आधी दोराला ताण बसतो आणि मग पोहरा हलतो, तसं. बांदोनेऑन आणि व्हायोलिनं स्वराला मागून ओढत आणतात आणि मात्रेवर सोडतात. टँगोवाले याला ‘आरास्त्रे’ म्हणतात. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला पियानोच्या अगदी खर्जातला एक घुमारा येतो. ‘युंबा’ हे नावही या झेप-घुमाऱ्याच्या आवाजावरूनच आलेलं.

आपल्याकडे समेकडे येण्याच्या डौलाला आमद म्हणतात. ती सहसा गायकाने किंवा तबलजीने दाखवायची, पेटीने मागे राहायचं, असा रिवाज. ‘ला युंबा’ ऐकायला लागल्यापासून मी समेच्या किंचित आधी भात्याला दाब द्यायला लागलो. पेटीच्या पोटात आणखी एक भाता असतो, तो वारा साठवून ठेवतो. त्यामुळे बांदोनेऑनइतका टोकदार परिणाम मिळत नाही. पण मिळतो. शिकायला येणाऱ्या मुलांना आता मी आठवडाभर एकाच स्वरावर बसवतो आणि फक्त उजव्या-डाव्या हाताचं भांडण मिटवायला लावतो. अलंकार-पलटे त्यानंतर.

२. रचना लिहून झाली की तिचं आयुष्य सुरू होतं

पुग्लिएसे ब्यूनोस आयर्समधल्या व्हिया क्रेस्पो या कामगारवस्तीत जन्मले. वडील चपला-बुटांच्या धंद्यातले कामगार, आणि हौशी बासरीवादक. दोघे थोरले भाऊ व्हायोलिन वाजवायचे. धाकट्यालाही आधी व्हायोलिनच दिलं गेलं, तो वळला पियानोकडे. पंधराव्या वर्षी वस्तीतल्या एका कॅफेत पियानो वाजवून तो पैसे मिळवू लागला. त्यानंतर पाकिता बेर्नार्दो या बाईंच्या वाद्यवृंदात त्याला जागा मिळाली. बांदोनेऑन हा व्यवसाय म्हणून वाजवणारी ती पहिली स्त्री.

अठरा-एकोणीस वर्षांचा असताना या मुलाने ‘रेकुएर्दो’ हा टँगो रचला. वयाने लहान म्हणून रचनेची नोंद वडिलांच्या नावावर झाली. १९२६ मध्ये हुलिओ दे कारो यांच्या वाद्यवृंदाने ती ध्वनिमुद्रित केली. दे कारो म्हणजे टँगोत वाद्यांच्या मांडणीला प्रतिष्ठा देणारं घराणं; त्यांनी एका पोराची रचना उचलावी हीच मोठी पावती. तिच्यात एक चाल आणि तिची साथ असा मामला नाही. एका वाद्याची ओळ चालू असताना दुसऱ्याची ओळ तिच्या पोटातून निघते, आणि शेवटी बांदोनेऑनसाठी भरधाव बोटांची एक तान आहे. त्या तानेवर अजूनही वादकांची परीक्षा होते.

पुढच्या तारखा मला जास्त शिकवून गेल्या. १९२९ मध्ये पुग्लिएसेंनी व्हायोलिनवादक एल्विनो व्हार्दारोंबरोबर सहा जणांचा संच काढला. त्याचं एकही ध्वनिमुद्रण निघालं नाही. स्वतःचा वाद्यवृंद उभा राहिला ११ ऑगस्ट १९३९ रोजी, कोरिएन्तेस रस्त्यावरच्या कॅफे नासिओनालमध्ये. त्याची पहिली तबकडी १९४३ ची, आणि ‘रेकुएर्दो’ त्यांनी स्वतः ध्वनिमुद्रित केला १९४४ मध्ये. म्हणजे रचल्यावर वीस वर्षांनी. दे कारोंची आणि पुग्लिएसेंची, दोन्ही ध्वनिमुद्रणं एकामागून एक ऐकावीत. मधल्या काळात रचना कशी पिकली ते कळतं. चाल बांधली की दुसऱ्या दिवशी ती लोकांसमोर टाकायची घाई होणाऱ्या माझ्या तरुण मित्रांना मी हा जोड मुद्दाम ऐकवतो.

३. तालमीआधी हिशेबाचा कागद काढा

त्या काळात टँगोचा वाद्यवृंद म्हणजे वाद्यवृंदाच्या मालकाचा धंदा. मालक नाव लावणार, करार करणार आणि वादकांना रोजंदारी देणार. पुग्लिएसे तीसच्या दशकात वादकांची संघटना बांधणाऱ्यांत होते आणि १९३६ मध्ये ते कम्युनिस्ट पक्षात गेले. नुसत्या भाषणावर न थांबता त्यांनी स्वतःचा वाद्यवृंदच सहकारी केला. मिळकत एकत्र जमा व्हायची आणि गुणांच्या हिशेबाने वाटली जायची. कुणावर किती जबाबदारी, कोण वाद्यांची मांडणी लिहितो, कोण नवी रचना आणतो, याला गुण. पुग्लिएसेंचा वाटाही त्याच हिशेबातून.

याचा परिणाम थेट संगीतावर झाला. मांडणी लिहिली की वाटा वाढतो, रचना दिली की ती वाजते, असं दिसल्यावर वादक लिहू लागले. होर्हे काल्दारा यांचा ‘पातेतिको’, बांदोनेऑनवादक ओस्वाल्दो रुज्जिएरो, व्हायोलिनवादक ओस्कार एरेरो यांच्या रचना, एमिलिओ बालकार्से यांचा ‘ला बोर्दोना’, हे सगळं त्या वाद्यवृंदातल्या माणसांनी लिहिलेलं. ज्याला आज जग ‘पुग्लिएसेंचा आवाज’ म्हणून ओळखतं, त्यातला मोठा हिस्सा त्यांच्या साथीदारांनी लिहिलेला आहे.

आमच्या व्यवसायात पाकीट कार्यक्रमानंतर मिळतं, आणि आत किती असेल हे ते उघडेपर्यंत माहीत नसतं. एका संयोजकाने तर मानधनासाठी सणावारांचे वायदे केले. दिवाळी गेली, पाडवा गेला. त्यानंतर आमच्या चौघांच्या छोट्या संचात मी एक नियम घातला: पहिल्या तालमीला वाद्य उघडायच्या आधी कागद उघडायचा. एकूण किती येणार, प्रवास कुणाचा, चाली कुणी बांधल्या, गाडी कोण चालवणार, सगळं लिहायचं आणि सगळ्यांनी वाचायचं. सुरुवातीला जरा अवघडल्यासारखं झालं. महिनाभरात तबलजीने स्वतःहून दोन बंदिशींची मांडणी करून आणली. तोवर तो तालमीत घड्याळ बघायचा.

४. तुम्ही नसताना वाजलं पाहिजे

राजकारणापायी पुग्लिएसेंना अनेकदा तुरुंगात जावं लागलं. राष्ट्राध्यक्ष पेरोन सत्तेवर असतानाही, आणि १९५५ मध्ये पेरोनना हटवणाऱ्यांच्या काळातही. त्यांच्या वाद्यवृंदाला रेडिओवर बंदी व्हायची. पेटीवाल्याला रेडिओबंदीचं दुःख समजावून सांगावं लागत नाही. १९४० पासून तीस वर्षं आकाशवाणीवर आमचं वाद्यच वर्ज्य होतं. फरक एवढाच की आमचा गुन्हा स्वरांचा होता, त्यांचा मतांचा.

पुग्लिएसे आत असले तरी वाद्यवृंद ठरलेल्या ठिकाणी जायचा आणि वाजवायचा. पियानोवर एक लाल कार्नेशनचं फूल ठेवलेलं असायचं. ते फूल आता टँगोच्या इतिहासातलं सर्वांत प्रसिद्ध चित्र झालं आहे, पण मला त्यामागची व्यवस्था महत्त्वाची वाटते. म्होरक्या नसताना कार्यक्रम पार पडायचा तर प्रत्येकाला सगळी रचना ठाऊक हवी, नुसती आपली ओळ नव्हे. पैसे वेळेवर वाटले जायला हवेत. कुणीतरी करार करायला हवा. सहकारी हिशेबामुळे हे आधीच रुळलेलं होतं, म्हणून तुरुंगाने माणूस नेला तरी वाद्यवृंद उठला नाही.

मी आमच्या तालमीत एक प्रयोग करतो. अर्ध्या तासासाठी एक जण खोलीबाहेर जातो आणि उरलेले तिघे तोच कार्यक्रम वाजवतात. कुणाच्या जाण्याने काय ढासळतं ते लगेच कळतं, आणि ते नेमकं कुणी उचलायचं तेही ठरतं.

५. लय ढिली करायची तर सगळ्यांनी मिळून

एकट्या गायकाने लय ओढणं सोपं आहे. मागचे सांभाळून घेतात. दहा-बारा वादकांनी, समोर काठी हलवणारा कुणी नसताना, एकत्र मंदावणं आणि एकत्र पुन्हा वेग घेणं ही वेगळी गोष्ट. पुग्लिएसेंचा वाद्यवृंद यासाठी ओळखला जातो. ‘नेग्राचा’ किंवा आगुस्तिन बार्दी यांचा ‘गाजो सिएगो’ त्यांच्याकडून ऐका. आत्ता ठेका हातोड्यासारखा पडत होता, आणि पुढच्या ओळीत ठेकाच नाही, नुसतं व्हायोलिन तरंगतंय. मग काहीही सूचना न देता सगळे पुन्हा एकाच क्षणी जमिनीवर.

हे वहीवर लिहिता येत नाही. वर्षानुवर्षं तीच माणसं एकत्र बसली की एकमेकांचा श्वास कळतो. आम्ही छोट्या प्रमाणावर इतकंच करू शकलो: मुखडा आधी सगळ्यांनी वाद्याविना गायचा, तबलजीनेही. जो गाऊ शकत नाही, त्याला त्या जागी कुठे थांबायचं हे माहीत नसतं.

नाचणाऱ्यांकडूनही थोडं शिकलो. पुण्या-मुंबईतही आता टँगो नाचणारी मंडळी आहेत. त्यांच्या नाचाच्या बैठकीला मिलोंगा म्हणतात. तिथे एकाच वाद्यवृंदाच्या तीन-चार ध्वनिमुद्रणांचा संच सलग लावतात आणि पुग्लिएसेंचा संच बहुधा रात्र चढल्यावर येतो. नवशिके तेव्हा खुर्चीत बसून राहतात. जाणकार जोड्या उठतात आणि बराच वेळ जागच्या जागी उभ्या राहतात. पावलं कमी, थांबणं जास्त. रिकाम्या जागा भरून काढायची खोड ज्या साथीदाराला आहे, त्याने अशी एक रात्र कोपऱ्यात बसून बघावी.

६. गायक हाही वाद्यवृंदातलाच

टँगोच्या वाद्यवृंदात गायक सुरुवातीला नसतोच. आधी वाद्यं आपलं म्हणणं पूर्ण मांडतात, मग गायक येतो, आपला भाग गातो आणि थांबतो. पुग्लिएसेंकडे रोबेर्तो चानेल आणि आल्बेर्तो मोरान हे पहिले नामवंत गायक. मोरान गाताना जवळजवळ कोसळतो, इतकी भावना. त्याच्या मागे वाद्यवृंद कोसळत नाही, उलट ताठ होतो. मोरानने १९५१ साली गायलेलं ‘पासिओनाल’ ऐका. त्याची चाल त्याच वाद्यवृंदातल्या बांदोनेऑनवादक काल्दारा यांची. गायकाचं सर्वांत गाजलेलं गाणं साथीदाराने बांधलेलं!

साथीत माझा अनुभव असा की गायक भावनेत शिरला की पेटीवाल्यालाही उमाळा येतो आणि तो त्याच्या प्रत्येक जागेची नक्कल करू लागतो. त्याने गाणं गढूळ होतं. गायक पातळ झाला की आपण सरळ व्हायचं, हे मी मोरानच्या मागच्या बांदोनेऑनांकडून उचललं.

७. माणसं जातात, जाऊ द्या

१९६८ मध्ये रुज्जिएरो, बालकार्से, एरेरो, हुलिआन प्लासा यांच्यासह वाद्यवृंदाचे कणे असलेले सहा वादक बाहेर पडले आणि त्यांनी ‘सेक्स्तेतो टँगो’ हा स्वतःचा संच काढला. रुज्जिएरो तर पहिल्या दिवसांपासूनचे. पुग्लिएसे तेव्हा बासष्ट वर्षांचे होते. टँगोची लोकप्रियता ओसरलेली, तरुण पोरं रॉककडे गेलेली.

त्यांनी नवी माणसं घेतली. दानिएल बिनेल्ली, रोदोल्फो मेदेरोस, हुआन होसे मोसालिनी अशी तरुण बांदोनेऑनवादक मंडळी आली. जुन्याची हुबेहूब प्रत काढणं हा हेतू असता तर यांच्यासारखी पुढे पाहणारी माणसं त्यांनी निवडली नसती. पुढे हे तिघेही आपापल्या वाटेने गेले आणि आपापलं नाव केलं. पुग्लिएसेंनी पुन्हा नवे घेतले.

शिष्य दुसऱ्याकडे शिकायला गेला की आपल्याकडे बोलणं बंद होतं. मी माझ्या विद्यार्थ्यांना चार-पाच वर्षांनी स्वतःच दुसऱ्या गुरूचा पत्ता देतो. काही परत येतात, काही नाही. जे येतात ते माझ्याकडे नसलेलं काहीतरी घेऊन येतात.

८. मागणी आणि वाजवणं, दोन्ही चालू ठेवा

ब्यूनोस आयर्सचं तेआत्रो कोलोन हे तिथल्या ऑपेराचं मानाचं घर. पुग्लिएसेंचे चाहते कित्येक वर्षं कार्यक्रमात ओरडायचे की यांना कोलोनमध्ये न्या. वस्तीतल्या कॅफेतला, संपकऱ्यांच्या सभेतला, क्लबातल्या नाचाचा वाद्यवृंद कोलोनच्या रंगमंचावर, ही मागणी तेव्हा थट्टेसारखी वाटावी. लष्करी हुकूमशाही जाऊन लोकशाही परतल्यावर, २६ डिसेंबर १९८५ रोजी, ती पुरी झाली. पुग्लिएसे त्याच महिन्यात ऐंशी वर्षांचे झाले होते. तिथेही त्यांनी ‘ला युंबा’ वाजवला.

चार वर्षांनी, १९८९ मध्ये, ॲमस्टरडॅमला ते आणि पियाझ्झोला एकाच मंचावर आले. टँगोतला जुन्या-नव्याचा वाद तेव्हा कित्येक दशकं जुना झाला होता. या दोघांमध्ये तो वाद कधी खरा नव्हताच. १९४८ मध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या पुग्लिएसेंच्या ‘नेग्राचा’सारख्या रचनेत पियाझ्झोलांच्या वाटेची चाहूल आधीच लागते.

मोठ्या महोत्सवाचं आमंत्रण येत नाही म्हणून खट्टू झालेले सहकारी मला भेटतात. त्यांना मी विचारतो, या आठवड्यात कुठे वाजवलंत?

९. नाव कुणाचं घ्यायचं ते ठरवा

अर्जेंटिनातल्या कलावंतांत एक गंमतीची रीत आहे. ध्वनियंत्रणा बिघडू नये, तार तुटू नये, कार्यक्रम निर्विघ्न व्हावा म्हणून रंगमंचावर जाण्याआधी तीनदा म्हणतात: पुग्लिएसे, पुग्लिएसे, पुग्लिएसे. त्यांचं चित्र असलेली संतांसारखी छोटी कार्डं पाकिटात ठेवतात. ‘सान पुग्लिएसे’, म्हणजे संत पुग्लिएसे. जन्मभर पक्का कम्युनिस्ट राहिलेल्या माणसाचं असं संतपण करून टाकलं आहे, आणि यात रॉक वाजवणारेही आले.

मला याचं नवल वाटत नाही. थोर वादक पुष्कळ झाले. वादकांना आपल्या बरोबरीने वाटा देणारे थोडे. जो तुरुंगात गेला पण हिशेबात खोट ठेवून गेला नाही, त्याचं नाव घेऊन रंगमंचावर पाऊल ठेवायला वादकाला बरं वाटणारच.

१०. ऐकायचं असेल तर या क्रमाने

नव्या श्रोत्याने सुरुवात १९४४ च्या ‘रेकुएर्दो’पासून करावी, चाल गोड आहे, लगेच धरता येते. मग १९४६ चा ‘ला युंबा’. त्याचंच १९५२ चं ध्वनिमुद्रणही मिळतं. दोन्ही लागोपाठ ऐकलं की सहा वर्षांत वाद्यवृंद किती जड आणि खोल झाला ते कानाला कळतं. त्यानंतर ‘नेग्राचा’ आणि ‘मालांद्राका’. गाण्यात ‘पासिओनाल’. शेवटी ‘ला बोर्दोना’ आणि ‘गाजो सिएगो’. एका संध्याकाळी दोनच घ्या.

प्रत्येक रचना पहिल्यांदा सरळ ऐका. दुसऱ्यांदा फक्त डबल बासकडे लक्ष ठेवा, तिसऱ्यांदा पियानोच्या डाव्या हाताकडे. पियानोवर पुग्लिएसे स्वतः आहेत, आणि बहुतेक वेळ ते सगळ्यांच्या खाली, खर्जात, साथ करताहेत.